दही न मोडणारी गाडी

आमच्या घरमालकांकडे गाडी नव्हती. सायकलसुद्धा नव्हती. तरी राहात्याच्या आसपास कुणाला मोटारगाडी घ्यायची झाली की आधी त्यांना बोलावणं येई, आणि बोलावणं आलं की ते घराकडे तोंड करून ओरडत, "अगं, दूध तापव!"

मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. आमचे हे पाटबंधारे खात्यात, महिन्यातले बरेच दिवस कॅनॉलवर मुक्कामाला. आम्ही भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांच्या पुढे मालकांची पिठाची गिरणी होती, मागे अंगण, आणि अंगणापलीकडे ते दोघं नवराबायको राहायचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला काकी. नाना उंच होते, जरासे वाकलेले, आणि भुवयांवर कायम पीठ. त्यामुळे वयाचा अंदाजच लागत नसे. आंघोळ करून आले की एकदम तरुण दिसत, आणि गिरणीत शिरले की पुन्हा म्हातारे.

माणूस तऱ्हेवाईक होता यात शंका नाही. धावतपळत आलेल्या माणसाचं दळण ते घेत नसत. बाई कितीही घाईत असो, चुलीवर कालवण ठेवून आलेली असो, नाना तिला बाकावर बसवत. "आदी बस. श्वास खाली बसू दे. मंग दळू." मी नवी होते तेव्हा एकदा शाळेला उशीर होतोय म्हणून डबा घेऊन पळत गेले, तर मलाही बसवलं. मी चिडले. "नाना, पोरी वाट बघताहेत," म्हटलं. तर म्हणाले, "पोरींना वाट बघू द्या बाई. वाट बघून कुनी मरत न्हाई. घाई करून मरत्यात." मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले.

तेव्हा आमच्या त्या पट्ट्यात उसाचा आणि पेरूच्या बागांचा पैसा नुकता खुळखुळायला लागला होता. धोतर-टोपीतली माणसं मोटारीची स्वप्नं पाहत होती. गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, किंवा पुण्या-मुंबईहून कुणाची तरी वापरलेली आणायची. गाड्या मोजक्याच प्रकारच्या. नानांनी त्यांची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. ते मोठी, मधली आणि धाकटी एवढंच म्हणत, जशा घरातल्या सुना. मोठी दणकट पण फुगलेली, धाकटी नाजूक, आणि मधली संसाराची. "कुटुंबाला मधली बरी," असं त्यांचं मत होतं, पण परीक्षा घेतल्याशिवाय ते मत कुणाला देत नसत.

आता ही परीक्षा. काकी पहाटे दूध तापवायच्या, कोमट करायच्या, गाडग्यात ओतून विरजण लावायच्या. नाना ते गाडगं गाडीच्या मागच्या सीटवर मधोमध कापडाच्या चुंबळीवर ठेवत, वर ताटली झाकत. मग गाडी नगरला जाऊन यायची. नाना पुढे बसत, पण तोंड मागे करून. रस्त्याकडे त्यांचं लक्षच नसे, सगळं लक्ष गाडग्याकडे. परत आलं की गाडगं थेट काकींच्या खाटेपाशी जाई. काकी ताटली उचलत, पळीची कड दह्यात घालत आणि निकाल देत. दही लागलेलं असलं, घट्ट कवडीसारखं, तर गाडी पास. मोडलेलं असलं, पाणी सुटलेलं असलं, तर नापास. दही काही कुणाच्या भिडेला पडत नाही, असं नाना म्हणायचे.

अर्थातच दिवाळी ते होळी परीक्षा बंद. थंडीत दही लागायला वेळ लागतो, त्यात गाडीचा दोष काय? एकदा कोपरगावहून कुणीतरी शेठ ऐन पौषात गाडी घेऊन आले, तर नानांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "उन्हाळ्यात या," म्हणाले.

मी राहायला गेले तोपर्यंत एकही गाडी पास झालेली नव्हती. लोक चेष्टा करत. "नाना, तुमच्या परीक्षेत कुनी पास झालंय का कवा?" नाना शांतपणे म्हणत, "यायची हाय आजून." तरी लोक त्यांना बोलवायचे ते बोलवायचेच, कारण नानांनी नापास केलेली गाडी लाभते असा एक समजच झाला होता. एकाची नापास गाडी आली त्या वर्षी त्याला मुलगा झाला, दुसऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं. मग काय, लोक नापास करून घ्यायला रांग लावू लागले.

इंजिनाला नाना हात लावत नसत. बॉनेट उघडून दाखवायला लागलं की तोंड फिरवत. "ते मिस्त्री बघंल. मी मानूस बघतो." दार किती उघडतं, नऊवारीतली बाई गुडघा न उचलता बसू शकते का, बसल्यावर आधी पाय आत येतात की डोकं आपटतं, हे ते बघत. हॉर्न वाजवायला सांगत आणि शेजारच्या गोठ्यातल्या बैलाकडे बघत. बैल दचकला तर हॉर्न वाईट. आणि सगळ्यात शेवटी, माणसं उतरताना त्यांच्या तोंडाकडे बघत. "चढताना समदीच हसत्यात," ते म्हणायचे. "उतरताना तोंड कसं हाय ते बघा. गाडी तितं कळती."

पेरूच्या बागा असलेले एक पाटील होते. वयाने तरुण, अंगाने भरलेले, बोलणं मोठं. त्यांना मधली गाडी मिळत होती, जेमतेम वापरलेली, क्रीम रंगाची. ती घेऊन ते आमच्या अंगणात आले तेव्हा मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. पाटील आल्या आल्या म्हणाले, "नाना, साठानं पळती बगा! लोणकढी थाप न्हाई, काट्यावर दाखवतो."

नाना म्हणाले, "पळनाऱ्या मी लई बघितल्या. थांबती कशी ते दाव."

मग त्या दिवशी जे झालं ते अजून आठवलं की मला एकटीला हसू येतं. गाडगं नेहमीप्रमाणे मागे होतंच, पण नानांनी परीक्षेत नवा विषय घातला. ते स्वतः मागच्या सीटवर आडवे झाले. गुडघे दुमडून, अंगावर गोधडी घेऊन, आणि गाडगं खाली पायांशी चुंबळीवर. मला म्हणाले, "बाई, सुट्टीच हाय तर चला, गाडग्यावर नजर ठेवा." मी पुढे बसले. पाटील गाडी हाकताहेत आणि मागून नानांचा आवाज येतोय, "खड्डा... कमरंत लागला. खड्डा... न्हाई लागला. ह्यो खड्डा न्हवता, धोंडा हुता. पाटील, तो धोंडा चुकवायचा हुता रं." बाभळेश्वरच्या चौकात लोकांनी बघितलं, गाडीत कुणीतरी पांघरूण घेऊन पडलंय, कण्हतंय. बैलगाड्या बाजूला झाल्या. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. कोल्हारच्या पुलाअलीकडे एका ओळखीच्या कंपाउंडरने गाडी थांबवली आणि काचेतून डोकं घालून विचारलं, "काय झालंय पेशंटला?" नाना पडल्या पडल्या म्हणाले, "आजून कायच न्हाई. पुढं रस्ता कसा हाय?"

अलीकडे माझ्या मुलाने गाडी घ्यायची म्हणून मला शोरूममध्ये नेलं होतं. तिथला टापटीप पोरगा बराच वेळ काय काय सांगत होता. थंड हवा, पडदा, कॅमेरा, सीट गरम करायची सोय. त्याचं झाल्यावर मी विचारलं, "यात दही लागेल का हो?" मुलगा लाजला. तो पोरगा मात्र गंभीरपणे म्हणाला, विचारून सांगतो. मला तेव्हा नानांची इतकी आठवण आली की मी दुसरं काही ऐकलंच नाही.

नानांच्या या परीक्षा कशासाठी चालल्या होत्या ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चेष्टा करणारेसुद्धा चेष्टा करून झाल्यावर गप्प व्हायचे.

काकींचं माहेर पाथर्डीकडे, कोरड्या मुलखात. आईबाप लहानपणी गेलेले, थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं. काकी तिला आक्का म्हणत. लग्नानंतर कित्येक वर्षांनी आक्काच्या घरी कुणाचं तरी लग्न होतं, दोघं गेले. परतताना गावातून पाथर्डीच्या एसटीपर्यंत बैलगाडीने यायचं होतं. नाना तेव्हा शर्यतीचे शौकीन. आक्काच्या घरची बैलजोडी तरणी होती, कासरा नानांनी हातात घेतला. शेजारून दुसऱ्या वऱ्हाडाची गाडी पुढे निघाली आणि नानांना राहवलं नाही. गावाबाहेरच्या ओढ्यात चाक एका धोंड्यावर चढलं. काकी फेकल्या गेल्या.

कंबरेचं हाड कसंबसं जुळलं. डॉक्टर म्हणाले, हिला धक्का बसता कामा नये. तेवढं एकच वाक्य नानांनी घरी आणलं. त्यानंतर काकी भिंत धरून घरात फिरत, खाटेवर बसून सगळा संसार चालवत, बसल्या जागेवरून गिरणीतल्या हिशेबावरही ओरडत, पण उंबऱ्याबाहेर लांब कुठे गेल्या नाहीत. एकदा एसटीने पाथर्डीला न्यायचा प्रयत्न झाला, तर बाभळेश्वरलाच उतरवावं लागलं. आक्काही म्हातारी, तिचं येणं होत नव्हतं. दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड बघितलेलं नव्हतं त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. नानांना एकच करायचं होतं, काकींना धक्का न बसता त्या ओढ्यापलीकडे पोचवायचं. धक्का मोजायचा कसा हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः दह्यातून काढलं.

आणि एवढं दही गावभर फिरवणारा हा माणूस स्वतः दही खात नव्हता. "पित्त हाय मला," म्हणायचे. नापास गाडीचं मोडलेलं दही आम्ही खायचो, त्याची कढी व्हायची, शेजारी वाटलं जायचं. नाना ताटावर हात आडवा धरायचे.

पाटलांची ती गाडी नगरला जाऊन आली त्या दुपारची गोष्ट. गाडगं मीच आत नेलं. निकाल लागेपर्यंत नाना कधी आत येत नसत. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप उभा राहावा तसे दाराकडे पाठ करून अंगणात उभे असत. पाटीलही शेजारी, एकदम गप्प.

काकींनी ताटली उचलली. दही असं लागलं होतं की वर बोट ठेवलं असतं तर ठसा उमटला असता. साय जशीच्या तशी. मी आनंदाने तोंड उघडणार तोच काकींनी पळी आत घातली आणि दोनदा गरागरा फिरवली. मग मोठ्याने म्हणाल्या, "मोडलं गं बाई!"

बाहेरून नानांचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे. यायची हाय आजून."

मी काकींकडे बघतच राहिले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "हळू बोल. आत ये, हितं बस."

"काकी, अहो, लागलं होतं की!"

"व्हय. ही पयलीच लागली. आदीच्या खऱ्याच मोडल्या."

"मग असं का केलंत?"

काकींनी माझं मनगट सोडलं. मोडलेल्या दह्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "गाडी चांगली हाय गं. पर त्यो वढा तितंच हाय ना. गाडी काय त्यावरनं उडून जानार हाय? लागलं म्हनायला तोंड उघडलं आन माझ्या डोळ्याम्होरं त्यो धोंडाच आला. मला लई भ्या वाटतं, बाई. यांना कसं सांगू? यांनी माझ्यापायी पार येड लावून घेतलंय."

मला रागही आला आणि डोळ्यात पाणीही. मी म्हटलं, "नानांना केवढं बरं वाटलं असतं."

"ठाऊक हाय. यांना दही किती आवडायचं, म्हाईत हाय का तुला? भाकरी थोडी आन दहीच जास्त. मी पडले तवापास्न शिवलं न्हाईत. पित्त-बित्त कायी न्हाई. मी माहेरी पोचस्तोवर सोडलंय त्यांनी. त्यांनी मला सांगितलं न्हाई आन मी इचारलं न्हाई. पर घरातल्या मानसाला कळतं." त्यांनी पळी ताटलीत ठेवली. "म्हंजी बघ, आज मी त्यांचंबी दही लांबवलं."

हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं ते त्यांनीच सांगायचं होतं. पाटलांनी गाडी घेतली, आणि गावात "माझी नापास गाडी" म्हणून मिरवू लागले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडे कॅनॉल होता तरी कॅनॉलचं पाणी कमी झालं, दुधाचे वांधे झाले. चहाला दूध मिळेना तिथे विरजणाला कुठून? परीक्षा आपोआप बंद पडल्या. दळणं बदलली, रेशनची लाल मिलो ज्वारी यायला लागली. नाना ती दळताना नाक मुरडत, पण बायांना बसवून ठेवणं त्यांनी सोडलं नाही. पाथर्डीकडची माणसं खडी फोडायला लागली आहेत, रस्त्याची कामं निघाली आहेत, एवढं कानावर येई. काकी गिरणीवर थांबणाऱ्या बैलगाडीवाल्यांना विचारत, आमच्याकडं पाऊस झाला का? कुणाला ठाऊक असे?

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या बैलगाड्या पुन्हा आमच्याकडे उतरल्या. आक्काचा मुलगा दरवर्षी यायचा, तोही आला. बायको बरोबर होती. उसाच्या फडावर जायच्या आधी तो मावशीला भेटायला आला, येताना हुलगे आणले. अंगणात बसला आणि म्हणाला, "मावशे, वढ्यावर फरशी झाली."

काकी सुपात धान्य पाखडत होत्या. हात थांबले.

"दुष्काळाच्या कामात केली. म्या खडी फोडली, हिनं पाट्या वाहिल्या. आता पानी असूं द्या न्हाईतर नसूं द्या, गाडी वरनं जाती. चाक भिजत न्हाई." बायको शेजारी हसत उभी होती, हाताचे घट्टे झाकत. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आईला आता दिसंना झालंय. म्हनती, तोंड दिसायचं न्हाई, पर हात लावून वळखीन."

त्या दिवशी काकी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध मागायला गेले होते, तेव्हा नाना बशीतून चहा पीत होते. काकी म्हणाल्या, "पाटलाला गाडी घेऊन यायला सांगा."

"कशाला?"

"आक्काकडं जायचंय."

नाना समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "अगं, थंडी हाय. दही लागत न्हाई. परीक्षा कशी घ्यायची? शिमगा होऊ दे."

"परीक्षा झाली. पाटलाची गाडी पास हाय. दही लागलं हुतं, मी मोडलं."

नानांची बशी हातात तशीच राहिली.  नाना उठले, बशी खाली ठेवली आणि गिरणीत गेले. त्या दिवशी त्यांनी कुणाच्या तरी बाजरीत गहू दळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पळत आलेल्या बाईला बाकावर बसवलं नाही.

दुपारी परत आले ते दारातच थांबले. "का?" एवढंच म्हणाले.

"मला भ्या वाटत हुतं," काकी म्हणाल्या. "आता न्हाई वाटत असं न्हाई. पर आक्काचे डोळं गेलं. आता थांबले तर हातबी जातील."

नाना उंबऱ्यावर बसले.  मला वाटलं, आता रागावतील किंवा रडतील. शेवटी मान हलवून म्हणाले, "म्हंजी मधली गाडी चांगलीच हाय. मी म्हनतच हुतो."

पाटलांना निरोप गेला. ते आले ते टोमणा तयार ठेवूनच. "काय काकी, माझ्या नापास गाडीत बसायचं म्हनता?" काकी म्हणाल्या, "तुजी गाडी पास हाय रं बाबा, मीच खोटं बोलले." पाटलांना काय वाटलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून आली.

काकींना सांभाळायला मी बरोबर गेले. मागे गोधड्यांची गादी केली होती, त्यावर काकी टेकून बसल्या, शेजारी मी. मध्ये चुंबळीवर गाडगं. थंडीत काय उपयोग, तरी काकींनी विरजण लावलं होतं. "बहिनीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?" म्हणाल्या. नाना पुढे, तोंड मागे. यावेळी ते गाडग्याकडे बघत नव्हते. काकींच्या तोंडाकडे बघत होते, आणि पाटलांना सांगत होते, "हळू. आता डावीकडं खड्डा हाय. आता चाल. आता हळू."

काकींना खिडकीचं फार कौतुक वाटलं. काच वरखाली करायची दांडी त्या पुन्हा पुन्हा फिरवत. "हे बरं केलंय. वारं आपल्या हातात ऱ्हातं." राहुरीचे ऊस, नगरचा वेशीकडचा बाजार, सगळं त्यांनी लहान मुलीसारखं बघितलं. नगरला चहा घेतला. करंजीच्या घाटात वळणावर मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, "मला न्हाई, गाडगं धर." मला वाटलं, आता सगळं झालं. पोचलोच.

पाथर्डीपुढे कच्चा रस्ता लागला तसे नाना बोलायचे थांबले. मग ओढा दिसला. कोरडा, वाळूचा, आणि त्यावर दगडी फरशीचा ठेंगणा पूल, अजून नवा.

"थांबव," नाना म्हणाले.

ते उतरले आणि पुलाच्या अलीकडे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. पाटलांनी हळूच हॉर्न दिला. नाना हलले नाहीत. काकींनी मला खूण केली, म्हणून मी उतरून गेले. नानांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता.

"बाई, तुमी जावा म्होरं. मी मागनं चालत येतो."

"नाना, पूल आहे. काही होत नाही."

त्यांनी पुलाच्या कडेला बोट दाखवलं. खाली वाळूत एक काळा धोंडा होता. "आजून तितंच हाय," म्हणाले. "मीच पळवली बैलं. मला कुनी पळव म्हनलं न्हवतं."

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं त्यांनी गाड्या नगरला नेल्या, पण पाथर्डीच्या वाटेला एकही नेली नव्हती. भीती एकट्या काकींना नव्हती. 

गाडीतून काकींचा आवाज आला. "अहो, या. पुढं नगा बसू. हितं माझ्यापाशी बसा."

नाना आले. मी पुढच्या सीटवर गेले, ते मागे बसले. काकींनी गाडगं उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हे धरा. सांडू देऊ नगा." नानांनी दोन्ही हातांनी गाडगं धरलं आणि डोळे गच्च मिटले. पाटलांनी गाडी इतकी हळू काढली की शेजारून शेरडं पुढे गेली.

पलीकडे गेल्यावर काकी म्हणाल्या, "उघडा आता."

"झाला?"

"कवाच झाला."

आक्का ओट्यावर बसून होती. गाडीचा आवाज ऐकून उभी राहिली. मला नानांचं म्हणणं आठवलं आणि मी काकी उतरताना त्यांच्या तोंडाकडे बघितलं. पाटीलही बघत होते. नाना तर बघत होतेच. आक्काने आधी काकींच्या कपाळावर हात ठेवला, मग गालावर, मग खांद्यावरून खाली आणला. "किती वाळलीस गं," म्हणाली, आणि काकींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. पाटलांसारखा आडदांड माणूस गाडी पुसायच्या निमित्ताने पाठमोरा झाला.

संध्याकाळी गाडगं आक्काच्या हातात दिलं तर तिने बोट बुडवून चाखलं. "अगं, हे तर दूधच हाय!"

नाना ओशाळून म्हणाले, "थंडी हाय आक्का. म्हनून दिवाळीनंतर मी परीक्षा घेत न्हाई." यावर आक्का इतकी हसली की तिला ठसकाच लागला. गाडगं तिने चुलीजवळ गरम राखेत ठेवून दिलं.

त्यानंतर नानांनी एकही गाडी तपासली नाही. लोक येत, नापास करून द्या म्हणून आर्जवं करत. "मला गाडीतलं कळत न्हाई," एवढं सांगून ते दळायला लागत. पुढच्याच वर्षी आमची बदली झाली, आणि नाना-काकी गेल्याचं मला नंतर कुणाकडून तरी कळलं. पण मला ते दोघं आठवतात ते त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, आक्काच्या स्वयंपाकघरात.

राखेच्या उबेत दही लागलं होतं. आक्काने ताटलीत बाजरीची भाकरी दिली, काकींनी पळी घातली आणि दह्याची अख्खी वडी उचलून नानांच्या पुढ्यात धरली. नानांनी सवयीने हात आडवा केला. "पित्त हाय मला."

"आता न्हाई," काकी म्हणाल्या.

नानांनी हात काढला. पहिला घास तोंडात घातला आणि नुसते बसून राहिले. भुवयांवर पीठ नव्हतं, म्हणून मला त्यांचे भरलेले डोळे नीट दिसले. मग मात्र ते भराभर जेवू लागले, सगळ्यांना बस-बस म्हणणारा हा माणूस, घाईघाईने, बोटं चाटत.

पाटील दारात उभे होते. म्हणाले, "मंग नाना, माझी गाडी पास म्हनायची का?"

नानांनी ताटली पुढे केली, आणि काकींनी आणखी एक पळी वाढली.